तीन 'नाही', बाकी सगळे 'हो'

२८ ऑक्टोबर २०२४, वसुबारस

लेक गणपतीला आली ती बाळंतपणासाठी राहिलीच. जावई विसर्जन आटोपून डोंबिवलीला परतले आणि बाय तिच्या आईबरोबर इथे. पाऊस होता तोवर पडवीतच दंगा चालायचा. आज लेकीला कुडाळला दाखवून आणले. पायांवर सूज आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावले, "दुपारी डाव्या कुशीवर पडून राहायचं आणि मोठीला उचलायचं नाही." मोठी म्हणजे बाय, सव्वादोन वर्षांची. ती घरात असली की आईच्या मांडीवर, मांडीवरून पोटावर, पोटावरून खांद्यावर. म्हणून ठरले, सकाळची न्याहारी झाली की एक फेरी आणि उन्हे उतरली की दुसरी, दोन्ही माझ्याकडे.

एक गोष्ट मी आजच पक्की केली. बाहेर पडल्यावर बायला 'नाही' फक्त तीन गोष्टींना. पाण्याजवळ माझा हात सोडायचा नाही. डांबरी रस्त्यावर एकटीने पाय ठेवायचा नाही. रानातले काही तोंडात घालायचे नाही. बाकी चिखल, धूळ, शेण, दगड, भिजणे, वाटेत फतकल मारणे, उलटे चालणे, सगळ्याला हो. नोकरीभर पहिलीचा वर्ग सांभाळला. ज्या बाईंच्या तोंडी दिवसभर 'नको' असते, त्यांचे एकही 'नको' मुलांच्या कानात शिरत नाही. तीनच ठेवले तर ते काळ्या दगडावरची रेघ होतात.

संध्याकाळी वरच्या घरी गाय-वासराची पूजा होती. बायने वासराच्या कपाळाचे कुंकू तळहाताने पुसले आणि फ्रॉक वर करून स्वतःच्या पोटाला फासले. वासरू बिचकले नाही, उलट तिचे पोट चाटू लागले. हे त्या तिन्हींत बसत नाही, म्हणून मी गप्प उभी राहिले.

३० ऑक्टोबर

पाणंदीच्या तोंडापर्यंत जाऊन येणे हे एरवी माझे दहा मिनिटांचे काम. आज न्याहारीनंतर निघालो ती परत येईपर्यंत चुलीवरचा भात शिजून निवला होता.

गडग्याच्या कडेला लाजाळू माजली आहे. पावसानंतर ती अशीच पसरते. बायचा पाय चुकून लागला आणि पाने मिटली. ती थबकली. खाली बसली. एक बोट दुसऱ्या फांदीला लावले, तीही मिटली. मग तिने माझ्याकडे पाहिले, "आजी, झोपली?" मी म्हटले, "हो, झोपली." एवढ्यावर भागले नाही. समोरची सगळी पाने एकेक करून झोपवली. जवळची संपल्यावर गडग्यावर ओणवी होऊन लांबची. मधेच काटा टोचला, बोट तोंडात घातले, रडली नाही, दुसरे बोट पुढे केले. आता झोपवायला पान उरले नाही म्हटल्यावर ती तिथेच मांडी घालून बसली आणि उठायची वाट पाहू लागली.

मीही बसले. लाजाळूच्या देठाच्या मुळाशी एक फुगीर गाठ असते. धक्का लागला की तिच्यातले पाणी सरकते आणि पान गळून पडल्यासारखे मिटते. पाणी परत भरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे जातात. इतका वेळ सव्वादोन वर्षांचे मूल एका जागी बसते, हे मला कुणी सांगितले असते तर खरे वाटले नसते. पहिली पाती किंचित हलली तेव्हा तिने श्वास रोखून माझा पदर ओढला. तीच पाती पुरती उघडल्यावर बोट लावून पुन्हा झोपवली आणि हसून हसून मागे कलंडली.

वाटेत भेटेल तो विचारी, "बाईनू, हयसर कित्याक बसलास?" मी उत्तर देई, "लाजाळू उठाची हा."

लेक फिजिओथेरपिस्ट. दुपारी तिला हे सांगितले तेव्हा तिने अभ्यासात वाचलेले सांगितले. न्यूयॉर्कमध्ये कॅरन अॅडॉल्फ नावाच्या संशोधिकेने चालायला शिकणाऱ्या मुलांची पावले मोजली. १२ ते १९ महिन्यांची मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. आणि बहुतेक वेळा कुठे पोहोचायचे म्हणून चालत नाहीत. माझ्या पाणंदीला आता तो आकडा चिकटला. बाय या वयाच्या थोडी पुढे गेली, पण कुठे पोहोचायचे नाही हे मात्र तिला अजून लागू आहे.

३१ ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटे उटणे लावून घेताना रडून घर डोक्यावर घेतले. तुळशीपुढे कारीट फोडायची वेळ आली तेव्हा मात्र सगळे विसरली. ह्यांनी डाव्या टाचेखाली कारीट चिरडले, "गोयंदा, गोयंदा" म्हणून ओरडले आणि त्याची बी जिभेला लावली. बायने दोन्ही पायांनी उडी मारून आपले कारीट फोडले. मग ह्यांचे बाजूला ठेवलेले, मग शेजारच्या मुलांसाठी आणलेले, मग पाटीतली सगळी. प्रत्येक वेळी "गोंदा!" वृंदावनापुढे नरकासुराच्या सैन्याची धूळदाण झाली.

बी जिभेला लावायची पाळी आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. रानातले तोंडात घालायचे नाही हे दोन दिवस ऐकते आहे ना! मी मान हलवली, तेव्हाच जीभ बाहेर काढली. कडू लागल्यावर चेहरा असा केला की तिची आई पोट धरून हसली.

मग पोह्यांच्या फेरीला निघालो. आमच्याकडे आजच्या दिवशी घरोघरी पोहे असतात, गुळाचे, ताकातले, फोडणीचे, आणि शेजाऱ्यांना "पोहे खावक येवा" म्हणून हाक असते. बायने प्रत्येक घरी आधी आत जाऊन मांजर शोधले. एका घरी मांजर आणि दह्याचे वाडगे एकाच कोपऱ्यात सापडले आणि दही सांडले. काकी म्हणाल्या, "रवांदे बाईनू, दही परत लागात, चेडू परत ल्हान होवचा नाय." काकींच्या तोंडचे हे वाक्य मी रोजनिशीत मुद्दाम लिहून ठेवते आहे.

५ नोव्हेंबर

बायला धामापूरच्या तळ्यावर नेले. मला या जागेचा किती लळा आहे हे लिहायला बसले तर वही पुरणार नाही. दोन डोंगरांमधला ओहोळ अडवून १५३० साली नागेश देसाई यांनी हा बांध घातला. ते विजयनगरचे मांडलिक होते. पुढे पस्तीस वर्षांत विजयनगर लढाईत उद्ध्वस्त झाले, बांध मात्र आजही पाणी धरून उभा आहे. धामापूर आणि काळशाचे मळे त्यावर भिजतात, मालवण शहराच्या नळाला इथले पाणी जाते. २०२० साली जगातल्या वारसा सिंचनस्थळांच्या यादीत त्याचे नाव लागले. त्याच्या काठावर भगवतीचे देऊळ आणि देवळापुढून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या.

पायऱ्यांवर माझा पहिला 'नाही' सुरू होतो. जगभरात पाण्यात बुडण्याचे प्रमाण एक ते चार वर्षांच्या मुलांत सगळ्यात जास्त आहे. त्याला खोल पाणीही लागत नाही, बादली पुरते. आणि मूल बुडते तेव्हा ओरडत नाही. हे माहीत असलेल्या माणसाने काठावर फोन हातात घेऊ नये, ओळखीच्याशी बोलताना मान वळवू नये. मी तिचे मनगट धरते, बोटे नाही. बोटे निसटतात.

बायने मनगट ओढून पाहिले. मी सोडले नाही. पुन्हा ओढले. पायरीवर आडवी झाली, पाय झाडले, आवाजाने देवळातले कबूतर उडाले. मी काही बोलले नाही, मनगट धरून तिच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने रडणे आपसूक सरले आणि तिला मासे दिसले. उथळ पाण्यात शेवाळ्याला तोंड लावणारे, बोटाएवढे. तिने मोकळ्या हाताने पायातला चांदीचा वाळा काढला. कधी काढला ते कळलेही नाही. "मासा, घे," म्हणाली आणि भिरकावला.

डुबुक.

वाळा तिच्या पणजीच्या तोड्यांतून करून घेतलेला. पाणी वर गढूळ, खाली पायऱ्या संपून खोल. खालच्या पायरीवर एक म्हातारी पाय धूत होती. तिने वर पाहिले आणि गालात हसून म्हणाली, "बाईनू, चेडवान गावाचा रिण फेडल्यान."

या तळ्याची कथा आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पूर्वी घरात लग्न निघाले आणि दागिने नसले की माणसे फुलांची परडी तळ्यात सोडत, देवीला गाऱ्हाणे घालत. परडी दागिन्यांनी भरून वर येई. कार्य उरकले की दागिने परत करायचे. कुणाच्या तरी मनात लोभ शिरला, त्याने परत केले नाहीत, आणि तेव्हापासून देवीने देणे थांबवले. आजी मला हे सांगायची तेव्हा मला त्या घरातल्या नवरीची काळजी वाटायची, तिला काय माहीत होते बिचारीला? आज म्हातारीच्या त्या वाक्याने माझे डोळे भरून आले. गेलेला वाळा कुणाच्या हिशेबात जमा झाला ते देवी जाणे, पण जमा झाला.

बायने दुसरा पाय पुढे केला, "हा पण." दागिना टाकण्याला त्या तिन्हींत मनाई नाही, हे खरे. पण वाळा मी काढून पिशवीत ठेवला आणि तिला मूठभर कुरमुरे दिले. माशांना तेच जास्त आवडले.

८ नोव्हेंबर

ह्यांनी दोन दिवस खपून खळे केले. माती ओढली, पाणी मारले, चोपले, आज शेणाने सारवले. वाळायला ठेवून हे आंघोळीला गेले. बाय त्यावरून धावली. नुसती धावली नाही, मधोमध थांबून मागे वळली, आपली पावले पाहिली आणि उमटली नाहीत त्या जागी पुन्हा जाऊन उमटवली.

हे बाहेर आले. क्षणभर काही बोलले नाहीत. मग धोतर खोचून खाली बसले आणि तिला म्हणाले, "बग, हयसर ऱ्हवला." तिने ती जागाही भरून काढली. नंतर दोघांनी मिळून सगळे पुन्हा सारवले. बायचे सारवणे म्हणजे कोपरापर्यंत शेण. लेक आतून विचारत होती, कसला वास येतोय. तिला मी उत्तर दिले नाही.

१३ नोव्हेंबर

आज तुळशीचे लग्न. वृंदावनाला गेरू आणि चुना, आत ऊस आणि दिंड्याची काठी, चिंचा, आवळे. दिवेलागणीला भटजी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत घाईने फिरत असतात, आणि त्यांच्यामागे मुलांचे लेंढार. बाय त्या लेंढारात सामील झाली. मी मागे कंदील घेऊन. कार्तिकात कातळावर आणि गडग्यात फुरशी निघतात. ती वीतभर लांब, मातीच्या रंगाची, दिसत नाहीत. काठी आपटत चालायचे आणि मुलाच्या पुढच्या पावलावर उजेड टाकायचा, एवढेच करता येते.

पहिल्या घरी अंतरपाटाखालून पलीकडे गेली. दुसऱ्या घरी मंगलाष्टक चालू असताना वृंदावनातला आवळा काढून चावला. तोंड आंबट झाले, थुंकला, माझ्याकडे धावली. मी तांब्यातले पाणी दिले. आवळ्यावर पाणी गोड लागते, ते तिला आज पहिल्यांदा कळले. तिने तांब्यात डोकावून पाहिले, साखर दिसते का. पुन्हा आवळा, पुन्हा पाणी. पुन्हा तांब्यात डोळा. पुढच्या प्रत्येक घरी तिने आवळा मागितला आणि सोबत पाणी. देवापुढचा आवळा आजीने हाताने दिलेला, म्हणून त्याला हो.

तिसऱ्या घरी नवरदेवच पळवला. दिंड्याची काठी हातात घेऊन खळ्यात तीन गिरक्या. यजमानीण बाई जराही रागावल्या नाहीत, "न्हवरो इलो परत" म्हणून काठी घेऊन पुन्हा रोवली. लग्न लागले.

१६ नोव्हेंबर

मालवणला गेलो, लाल एसटीने. बाळासाठी दुपटी आणि माझ्या साखरेच्या गोळ्या आणायच्या होत्या. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. बायांना २०२३ पासून अर्धे तिकीट. कंडक्टरने माझे फाडून दिले. बायने हात पुढे केला. "तुका नाय गो," ते म्हणाले. हात तसाच. पुढच्या तीन प्रवाशांची तिकिटे झाली तरी हात तसाच पुढे. शेवटी त्यांनी मशीनमधून थोडा कोरा कागद बाहेर काढला, फाडला आणि दिला. बायने तो दोन्ही हातांनी धरला, खिडकीतून सुटू दिला नाही, चौक्याला चढलेल्या प्रत्येकाला दाखवला. शंभर नंबरी तिकीट.

बाजारात डांबरी रस्ता, म्हणून माझा दुसरा 'नाही' चालू. मनगट माझ्या हातात. ती वाकून खालचे सगळे पाहते. उंची कमी असल्याने तिला बाजारात जे दिसते ते मला दिसत नाही. कोळणीच्या पाटाखालून निसटलेला खेकडा तिने आधी पाहिला. दुकानाच्या पायरीखाली झोपलेले पिल्लू तिने पाहिले. मी फक्त भाव पाहत होते. मासळी बाजारात एका मावशीने तिच्या तळहातावर जिवंत कालव ठेवले. तिने ते कानाला लावले.

येताना खाजे घेतले. गूळ आणि आल्याचा वास लागल्यावर बसभर तिला धीर नव्हता. आख्खी पुडी तिची, एकेक कांडी तिने समोरच्या सीटवरच्या माणसांना दिली. ज्यांनी घेतली नाही त्यांच्या मांडीवर ठेवली.

बंदरावरही थोडा वेळ थांबलो होतो. समोर किल्ला, लाटांत होड्या. बायला किल्ल्यात रस नाही. तिने धक्क्यावरचा एक दोर उचलायचा प्रयत्न केला, तो तिच्याहून जाड होता, आणि उचलला जात नाही म्हणून त्याच्याशी भांडली.

२० नोव्हेंबर

विधानसभेचे मतदान. कुडाळ मतदारसंघ. मी ज्या वर्गात पहिली शिकवली तिथेच केंद्र. लेकीचे नाव डोंबिवलीला, ती घरीच. हे सकाळी लवकर जाऊन आले. मी बायला घेऊन दहाला.

रांगेत तिने पुढच्या आजोबांच्या धोतराचा सोगा ओढला, मागच्या बाईंच्या पिशवीत डोकावली. व्हरांड्यात बालवाडीचा चिंचोक्यांचा डबा राहिला होता, तो पालथा केला. चिंचोके रांगेभर. मतदारांनी वाकून गोळा केले, आजोबांनी चष्मा सावरत, नव्याने मतदान करणाऱ्या मुलींनी खिदळत. बाय प्रत्येकाच्या मुठीतला चिंचोका डब्यात टाकताना आवाज ऐकत होती, टण्, टण्. त्या डब्याने मला ताराबाई मोडक आठवल्या. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालवाडी काढली तेव्हा महागडी साधने कुठून आणायची? शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली. पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला, गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात नेली. डीएडला असताना हे वाचले होते. खरे समजले ते गेल्या महिन्यात, पाणंदीत लाजाळूशेजारी बसल्यावर. मूल जिथे थांबते तिथे शाळा भरते, आपण फक्त तिथे थांबायची तयारी ठेवायची.

मत दिले. डाव्या तर्जनीला शाई लागली. ही शाई म्हैसूरच्या कारखान्यात होते, १९६२ पासून. बायने माझे बोट धरले, पुसून पाहिले, पुसले जात नाही म्हटल्यावर स्वतःचे बोट अधिकाऱ्यांपुढे धरले. ते हसले, मान हलवली. नियम तो नियम. ती जमिनीवर बसली. हुंदके. केंद्राबाहेरच्या पोलीस ताईने तिला बोलावले आणि आपल्या पेनाने तिच्या बोटावर रेघ ओढली. आंघोळीला तो हात संध्याकाळपर्यंत बादलीबाहेर.

२४ नोव्हेंबर

आजची गोष्ट सविस्तर लिहून ठेवायची आहे.

देवराईच्या कडेने गेलो होतो. दोन ककणेर झाडावर होते, त्यांच्या पंखांचा आवाज दूरून येतो, कोणी मोठे कापड झटकल्यासारखा. बाय मान वर करून उभी. मी तिला फांदी दाखवत होते. ककणेर उडाले आणि झाडाखाली काहीतरी टप्पकन पडले. काजऱ्याचे फळ. नारिंगी, गोल, मोसंब्याला लाजवेल असे. ककणेर त्याचा गर खातात, त्यांना काही होत नाही. माणसासाठी त्यातल्या बिया जीवघेण्या, त्यांत स्ट्रिक्निन असते. आणि तिथल्याच गडग्यावर गुंजेचा वेल, शेंगा उकलून लाल-काळे मणी बाहेर. मुलाच्या डोळ्यांना याहून सुंदर काही नाही. गुंज आख्खी गिळली तर कधी तशीच बाहेर पडते, पण चावली तर तिचे विष भारी.

बाय फळाकडे धावली. मी "नाही" म्हटले. मोठ्याने नाही, पण त्या स्वरात. ती थांबली. हातात फळ, तोंडापासून वीतभर. माझ्याकडे पाहिले. मी चालत गेले, धावले नाही, हात पुढे केला. तिने फळ माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारले, "ककणेरचं?" मी म्हटले, "हो, ककणेराचं. बायचं नाही." तिने झाडाकडे पाहून हाक मारली, "ककणेर, ये, खा." मी फळ परत झाडाखाली ठेवले. तिचे हात ओढ्यावर धुतले, नखांतले सुद्धा. गुंजांच्या बाबतीतही तेच. तिने मोजायला मागितल्या, मी पानावर ठेवून दाखवल्या, शेवटी पान आम्ही दोघींनी गडग्याच्या भेगेत दडवले.

रात्री अंग थरथरले ते लिहिताना. पण हेही लिहिते, की इतके दिवस शेणाला, चिखलाला, चिंचोक्यांना, वाळ्याला, खळ्याला जे हो म्हटले, ते या एका क्षणासाठी जमा होत होते. दिवसभर जिला 'नको नको' ऐकावे लागते, ती या 'नाही'ला थांबली नसती. हे मी माझ्या लेकीला सांगितले, आणि जावयाला फोनवर. बायसारखे मूल घरात असलेल्या प्रत्येकाला सांगावेसे वाटते.

२८ नोव्हेंबर

पहाटे लेकीला कुडाळला नेले, दुपारी मुलगा झाला. दोघे सुखरूप. रात्री मी आणि बाय घरी, हे तिथे. ती आईच्या उशीवर झोपली. झोपायच्या आधी विचारले, "बाळ चालतो?" म्हटले, "अजून नाही." "मग नेऊया ना बाहेर," म्हणाली.

३ डिसेंबर

बाळ घरी आल्याला एक दिवस झाला. न्हाणीघरात धुरी, हळद, वेखंड, सगळ्या घराला एकच वास. वरच्या घरच्या काकी येऊन बाळाला तेल लावतात. बायला तिथे काही काम हवे असते, म्हणून तिच्याकडे पावडरची डबी दिली आहे. तिने आज ती डबी काकींच्या केसांवर रिकामी केली. काकी म्हणाल्या, "म्हातारी झालंय तरी परत गोरी केलंस गो!" आणि तसेच पुढे तेल लावत राहिल्या.

सकाळच्या फेरीची वेळ झाली. मी चपला घातल्या. बाय आतून बाळाचे दुपटे ओढत घेऊन आली. दुपट्यात बाळ नव्हते, पण आणायचा विचार होता. मी बसून तिला सांगितले, सव्वा महिना बाळ आत राहणार, बाळाला ऊन-वारा सोसत नाही. तिने ऐकले, विचार केला, दुपटे खांद्यावर टाकले आणि निघाली. ते दुपटे आमच्याबरोबर आले. पाणंदीत ते लाजाळूवर पसरवले, पाने मिटली की काढले. ओढ्याकाठी वाळत घातले. तिथे माझ्या हाती तिचे मनगट. तिने आज ओढले नाही, फक्त विचारले, "आजी, इथे हात धरायचा ना?"

घरी आल्यावर दुपट्याची माती पाहून लेक थोडी चिडली. मी ते धुवायला टाकले. उद्या गिरणीवर जायचे आहे, नव्या भाताचे पहिले पोते. गिरणीवाल्याला आधीच सांगून ठेवले आहे की बाय येणार, कोंड्याचा ढीग मोकळा ठेवा.